बाबांचा २०१६ चा कॉम्प्युटर: काढून टाकावा की त्यातच सुधारणा कराव्यात?

शाईची_बाटली:
नमस्कार मंडळी. सातारला आईबाबांकडे आलेय, दोन आठवडे आहे, तेवढ्यात हा प्रश्न सोडवून जायचाय म्हणून सविस्तर लिहिते. बाबांचा डेस्कटॉप २०१६ मध्ये घेतलेला, आय-फाइव्ह सहाव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा वय वर्षं ७४, निवृत्त शिक्षक, रोज सकाळी तीन तास त्यावर मराठीत टाईप करतात, आमच्या भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून ठेवल्यायत त्यांनी, साताठशे तरी असतील. तर आता तक्रारी अशा की बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात, विंडोजचा सपोर्ट संपला असा मेसेज येतो, आणि महिनाभर बँकेची साईट कधी उघडते कधी उघडत नाही. गावातल्या दुकानदाराला दाखवला तर तो उघडूनही न बघता म्हणाला हा भंगारात द्या, ५२ हजारांत नवीन बसवून देतो. पैसे आहेत, तो प्रश्न नाही. पण बाबांना नवीन नकोय, त्यांना भीती वाटतेय की ओव्या जातील, आणि मलाही चांगली चालणारी वस्तू नुसती टाकून देणं पटत नाही. ब्राउझर क्रोम आहे, तो बदलावा का तेही सांगा.

खटपट्या:
ताई, काही विकत घ्यायच्या आधी एक काम करा. मशीन चालू करून पाच मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील त्यात डिस्कखाली १००% दिसत असेल आणि सीपीयू १०-१५ वर असेल तर तुमचा प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, सगळे डिस्कची वाट बघतायत. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये एक काटा असतो तो तबकडीवर जागोजाग धावून तुकडे गोळा करतो, विंडोज १० सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचतं, म्हणजे काट्याची हजारो वेळा ये-जा. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काहीच नाही. म्हणून जुन्या मशीनला एसएसडी बसवली की माणसं म्हणतात नवीन कॉम्प्युटर आणल्यासारखं वाटतंय, त्यात अतिशयोक्ती नाही. मी आत्तापर्यंत नातेवाईक शेजारी धरून पंधरा-वीस मशीनना हेच केलंय, त्यातल्या एकाही माणसाने नंतर दोन वर्षं नवीन घेतला नाही.

रात्रपाळी:
खटपट्यांना अनुमोदन, पण विंडोजचं वेगळं बघावं लागेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशीनमध्ये बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन पीटीटी नावाचा पर्याय चालू केलात तर टीपीएम मिळेल कदाचित, पण सहावं जनरेशन यादीतच नाही त्यामुळे अधिकृतपणे ११ येणार नाही. अट चुकवून ११ घालायच्या युक्त्या आहेत, मी स्वतःच्या लॅपटॉपवर केलंय, पण ७४ वर्षांच्या माणसाच्या मशीनवर करू नका, पुढचं मोठं अपडेट आपोआप येईल याची खात्री नसते आणि तुम्ही तिथे नसणार.

त्यापेक्षा विंडोज १० वरच वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घ्या, ईएसयू म्हणतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर रिवॉर्ड्सचे १,००० पॉइंट किंवा ३० डॉलर. म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. सपोर्ट संपला म्हणजे त्या दिवशी मशीन बंद पडतं असा अनेकांचा समज आहे तो आधी डोक्यातून काढा, चालत राहतं, फक्त नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत.

छापखाना_सांगली:
मी मुद्दाम लिहितोय कारण ताईंच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ओव्या आहे आणि वर कोणी त्यावर बोललं नाही. बाबा टाईप कशात करतात? युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी आजची पद्धत) की जुन्या फॉन्टमध्ये? हे कळल्याशिवाय कृपया मशीन फॉरमॅट करू नका.

आमचा छापखाना आहे, वडिलांपासूनचा. १९९० च्या दशकापासूनचे मराठी फॉन्ट असे होते की फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, फॉन्ट त्यावर मराठी चित्र चढवायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसता कचरा दिसतो, लोक समजतात फाईल खराब झाली, काही जण डिलीटही करतात. आमच्याकडे एका संस्थेच्या दहा वर्षांच्या स्मरणिका अशाच गेल्या, नवीन कॉम्प्युटर आणला, दुकानदाराने जुन्यातला सगळा डेटा कॉपी करून दिला, आणि फॉन्टचं फोल्डर राहिलं. फायली आहेत, वाचता कोणालाच येत नाहीत. मी पुढे तीन महिने ते फॉन्ट शोधत होतो, दोन मिळाले, तिसरा नाहीच.

तर पहिलं काम: सी ड्राईव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, ते फोल्डर आख्खं पेन ड्राईव्हवर घ्या. दुसरं, ओव्यांची एक-एक फाईल उघडून तिची पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो त्यामुळे निदान दिसायला तरी कायम राहील.

शाईची_बाटली:
बापरे, हे मला सुचलंच नसतं. बघितलं आत्ता. २०१६ च्या आधीच्या ओव्या (बाबांच्या शाळेतल्या मशीनवर टाईप केलेल्या) जुन्या फॉन्टमध्ये आहेत, वर्डमध्ये फॉन्टचं नाव बदललं की खरंच इंग्रजी अक्षरं दिसतात. नंतरच्या सगळ्या मंगलमध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये. फॉन्टचं फोल्डर घेतलं दोन पेन ड्राईव्हवर.

आणि खटपट्या, डिस्क १००%, सीपीयू ९, मेमरी ८१. फोटो काढून ठेवलाय.

बँकेच्या साईटचं पण कळलं असं वाटतंय. आज सकाळी मी स्वतः चालू केला तर क्रोममध्ये आलं ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’. बाबा म्हणाले हेच महिनाभर येतंय, ते म्हणतंय की कॉम्प्युटर मागे पडलाय आता, नवीन घ्या. खाली कोपऱ्यात बघितलं तर तारीख १ जानेवारी २०१६.

खटपट्या:
ताई तुमचा सेल गेलाय! मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात किंवा किराणावाल्याकडेही मिळतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. बाबा रात्री भिंतीवरचं मेन बटण बंद करत असणार, म्हणून रोज सकाळी तारीख मागे. आता बँकेची साईट, किंवा एचटीटीपीएस असलेली कुठलीही साईट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो, ते अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं असं त्यात लिहिलेलं असतं, आणि तुमचं मशीन म्हणतंय आज २०१६ आहे, म्हणजे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. नेटवरून वेळ आपोआप दुरुस्त व्हायला हवी पण फरक एवढा मोठा असला की बरेचदा होत नाही. ज्या दिवशी बाबांनी हाताने तारीख बदलली असेल किंवा मेन बटण चालू राहिलं असेल त्या दिवशी साईट उघडली असणार, विचारून बघा.

५२ हजारांच्या कोटेशनमधलं एक कारण पन्नास रुपयांच्या आतलं निघालं. त्या दुकानदाराने झाकण तरी उघडायला हवं होतं, याचा मला खरंच राग येतो, म्हाताऱ्या माणसांना असं सांगतात आणि ती विश्वास ठेवतात.

ठाणेकर_सीए:
मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या ऑफिसमध्ये मागच्या वर्षी हाच विचार झाला, चार मशीन होती २०१५-१६ ची, दोनांना एसएसडी बसवल्या आणि दोन सरळ नवीन घेतली. कारण जिथे टॅली चालतं, जिथे डिजिटल सहीचा टोकन लावून रिटर्न भरायचे असतात, तिथे मशीन महिन्याच्या २० तारखेला बंद पडलं तर मला परवडत नाही. दहा वर्षांचा पॉवर सप्लाय कधी जाईल सांगता येत नाही आणि जाताना कधी मदरबोर्डही घेऊन जातो. त्यामुळे ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी जुन्यावर जीव टाकू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ताईंच्या बाबांचं तसं नाही, एक दिवस बंद राहिला तर ओव्या कुठे पळत नाहीत, फक्त बॅकअप हवा. नवीन घेणारच असाल तर निदान १६ जीबी रॅम घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे ना ते विचारून घ्या, बऱ्याच लॅपटॉपमध्ये हल्ली रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, मग नंतर वाढवता येत नाही.

निळी_छत्री:
ब्राउझरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे, २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून मी तोच वापरतो.

क्रोम, एज, ब्रेव्ह, ओपेरा, व्हिवाल्डी ही नावं वेगळी पण आतलं इंजिन एकच, क्रोमियमचं. फायरफॉक्सचं वेगळं आहे, सफारीचं वेगळं. सगळं जग एकाच इंजिनावर गेलं तर काय होतं ते आपण इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात भोगलंय, कित्येक सरकारी साईट आणि ऑफिसातली सॉफ्टवेअर फक्त त्याच्यातच चालायची, तो अखेर १५ जून २०२२ ला बंद झाला तरी एजमध्ये त्याच्यासाठी खास आयई मोड ठेवावा लागलाय. म्हणून मी तत्त्व म्हणून फायरफॉक्स ठेवतो, आणि व्यवहार म्हणूनही, कारण क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यापासून जाहिराती अडवणारं पूर्ण युब्लॉक ओरिजिन त्यात चालत नाही, लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. जाहिराती नाहीत म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर पान हलकं होतं आणि म्हातारी माणसं ‘डाऊनलोड’ लिहिलेल्या खोट्या हिरव्या बटणावर क्लिक करत नाहीत, हा माझ्या मते अँटीव्हायरसपेक्षा मोठा फायदा.

ताई, आणखी एक तपासा. बाबांच्या क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन, तिथे परवानगी दिलेल्या साईटची यादी बघा. माझ्या काकूंच्या मशीनवर उजव्या कोपऱ्यात रोज ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं यायचं, त्या घाबरून मशीन बंद करून ठेवायच्या. व्हायरस एकही नव्हता, कुठल्यातरी पाककृतीच्या साईटला ‘अलाऊ’ केलेलं होतं.

रात्रपाळी:
फायरफॉक्सला माझाही पाठिंबा, पण एक सरकारी नाहीतर बँकेची साईट अशी निघतेच जी फक्त क्रोममध्ये नीट चालते. दोन्ही ठेवा. आणि जे लोक अजून विंडोज ७ वर आहेत त्यांच्यासाठी: तुमचा क्रोम १०९ वर थांबलाय, २०२३ च्या सुरुवातीपासून त्याला अपडेट नाही. त्यावर बँकेचं काही करू नका, मी हात जोडून सांगतो. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सांभाळण्यासाठी काढलेली) ही आवृत्ती त्यातल्या त्यात जास्त काळ सांभाळली गेली.

माईनचा_किनारा:
फ्रँकफुर्टहून लिहितोय. माझ्या २०१३ च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) आहे, रत्नागिरीला आईच्या जुन्या मशीनवरही मीच घालून दिलंय, तीन वर्षं झाली. आईला फरक कळला नाही कारण तिला ब्राउझर, फोटो आणि पत्त्यांचा खेळ एवढंच लागतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, पैसे शून्य, आणि इन्स्टॉल न करता पेन ड्राईव्हवरूनच चालवून बघता येतं, आवडलं नाही तर काढून ठेवा, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) तर आहेच पण मराठी कागापा फोनेटिकही आहे, उच्चाराप्रमाणे टाईप करणाऱ्यांना तो पटकन जमतो.

ताईंच्या बाबतीत मात्र मी मिंट सुचवणार नाही. बाबांचा हात वर्डवर बसलाय आणि जुन्या फॉन्टच्या फायली आहेत. मिंटवर वर्डऐवजी असणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये त्या उघडतील पण पानाची मांडणी इकडची तिकडे होईल. आईच्या वेळी मी एक चूक केली, आधी स्कॅनर लावून बघितला नाही, तो मिंटवर चाललाच नाही आणि तिची रेशन कार्डाची स्कॅन करायची गरज नेमकी त्याच आठवड्यात निघाली, शेजारच्या मुलाकडे जावं लागलं तिला. आधी प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम सगळं पेन ड्राईव्हवरून तपासा आणि मगच ठरवा.

छापखाना_सांगली:
जुन्या फॉन्टचं युनिकोड करण्याबद्दल ताईंनी मला निरोपात विचारलं, सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून इथे लिहितो. कन्व्हर्टर मिळतात, चालतात, पण आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी टाईप व्हायची आणि अक्षर नंतर, म्हणजे ‘कि’ साठी आधी वेलांटी मग क. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो मग वेलांटी, दिसताना ती डावीकडे दिसते ती गोष्ट वेगळी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि मध्ये जोडाक्षर आलं की तो गडबडतो. रफारही तसाच, जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. आणि आपल्या मराठीचा खास ‘ऱ्य’, ‘वाऱ्यावर’, ‘पहाऱ्याला’, हा तर हमखास मोडतो कारण बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेत. ओव्यांमध्ये असे शब्द पावलोपावली असणार. तेव्हा एक ओवी रूपांतर करा, बाबांना मोठ्याने वाचायला लावा, मग पुढची. जुन्या फॉन्टमधल्या सगळ्या ओव्यांना दोन महिने जातील, पण एकदा झालं की पुढच्या कुठल्याही मशीनवर, मोबाईलवर सुद्धा वाचता येतील.

आमच्याकडे पेजमेकरचं (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) एक विंडोज एक्सपी मशीन अजून आहे, जुन्या कामांसाठी. त्याला नेटची वायर लावलेली नाही, वायफाय नाही, पीडीएफ करून पेन ड्राईव्हने बाहेर काढतो. तिथे अपग्रेड करायचं नाही हाच निर्णय आहे, पण मग नेटही नाही हे पथ्य आम्ही कडक पाळतो.

खटपट्या:
ताई, तुमची यादी करून देतो, सातारला नाही मिळालं तर पुण्यात कुठेही मिळेल, मुंबईला लॅमिंग्टन रोडला कोणी जाणारं असेल तर उत्तमच. एक, सेल. दोन, अडीच इंची साटा एसएसडी, ५०० जीबी पुरे, मी मागच्या वर्षी साडेतीन हजारांच्या आसपास घेतली होती, हल्ली भाव चढलेत. तीन, ४ जीबीची आणखी एक रॅम, पण आधी आतली काढून तिच्यावर डीडीआर३ लिहिलंय की डीडीआर४ ते बघा, सहाव्या जनरेशनला दोन्ही प्रकारचे बोर्ड यायचे आणि एकाची दुसऱ्यात बसत नाही. रॅम काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून घ्या.

जुन्या डिस्कची नक्कल करत बसू नका, एसएसडीवर विंडोज १० नव्याने घाला, लायसन्स मदरबोर्डाला बांधलेलं असतं त्यामुळे पूर्वी चालू असलेलं पुन्हा आपोआप चालू होतं, प्रॉडक्ट की विचारली तर ‘नाही’ म्हणून पुढे जा. नवीन विंडोज घालताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा, चुकून तीच फॉरमॅट व्हायला नको. मात्र वर्ड पुन्हा घालावं लागेल, त्याची की किंवा खातं आत्ताच शोधून ठेवा. आणि मंगल फॉन्ट विंडोज १० मध्ये आपोआप असेलच असं नाही, ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स म्हणून आहे तो घ्या, नाहीतर बाबांना पान वेगळं दिसेल आणि ते घाबरतील.

शाईची_बाटली:
झालं सगळं. भावाने पुण्याहून एसएसडी आणि रॅम आणली (डीडीआर४ निघाली), शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी टेबलावर चादर पसरून झाकण उघडलं. आत दहा वर्षांची धूळ, पंख्यावर तर लोकरीसारखा थर, मदरबोर्डच्या एका कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलेलं. रंगाच्या ब्रशने सगळं साफ केलं. सेल बदलला तेव्हा बाबा स्वतः बघायला आले, जुना सेल हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, “एवढ्याशामुळे?”

विंडोज, वर्ड, फायरफॉक्स, क्रोम, प्रिंटर, सगळं घालायला रात्रीचे अकरा वाजले. जुन्या फॉन्टचं फोल्डर परत टाकलं, ओव्यांची पहिली फाईल उघडली आणि मराठीच दिसली तेव्हा खरंच हायसं वाटलं. बटणापासून वर्ड उघडेपर्यंत आता पाऊण मिनिट. ईएसयूची नोंदणी झाली. बँकेची साईट तीन दिवस झाले रोज उघडतेय, रोज रात्री मेन बटण बंद करूनही. क्रोममध्ये नोटिफिकेशनच्या यादीत १४ साईट होत्या, सगळ्या काढल्या. एकूण खर्च साडेसात हजारांच्या आत, त्यात भावाचं एसटीचं तिकीट धरून.

आज सकाळी बाबांबरोबर रूपांतराला बसले. पहिल्या सहा ओव्या झाल्या. ‘दळणाच्या पहाऱ्याला’ मधला ऱ्य मोडलाच, छापखानावाल्यांनी सांगितलं तसाच. बाबांनी तो स्वतः दुरुस्त केला, इन्स्क्रिप्टवर तो कसा येतो ते मला दाखवलं.

एकच राहिलं, जुनी १ टीबीची डिस्क आता बाहेर काढून पेटीत घालून बॅकअपला वापरू का?

खटपट्या:
वापरा, पण एकमेव बॅकअप म्हणून नको, दहा वर्षांची आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) लावून बघा, निळं ‘गुड’ दिसलं तर ठेवा, पिवळं दिसलं तर आजच्या आज सगळं दुसरीकडे घ्या. ओव्यांची तिसरी प्रत तुमच्याबरोबर घेऊन जा.